पायऱ्यांचा गोल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे आज विद्युतचुंबकीय लहरींवर बोलणार म्हटल्यावर इथल्या निवेदकांनाही हसू आले. पण गेल्या पावसाळ्यात या विषयाने माझ्या घरी आठ दिवस मुक्काम ठोकला होता.

माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत काम करते. मोबाईलच्या टॉवरवर हव्या तेवढ्याच लहरी पुढे जाऊ देणारे धातूचे गोल डबे असतात. असा डबा कापण्यापूर्वी तो संगणकात उभा करायचा, त्यात लहरी सोडून पाहायच्या, हे तिचे काम. ती सुट्टीला चंद्रपूरला आली तीच चेहरा पाडून. संगणकाचे आकडे प्रत्यक्ष मोजमापाशी जुळत नव्हते आणि ठपका तिच्यावर आला होता. "अब्बा, मी ठोकळे बारीक केले, आणखी बारीक केले, तरी फरक जात नाही," ती म्हणाली.

मॅक्सवेलने या लहरींचे नियम 1865 साली मांडले. पण संगणकाला जागेचे तुकडे करून द्यावे लागतात. केन यी यांनी 1966 साली त्यासाठी चौकोनी ठोकळ्यांची जाळी सुचवली. ती इतकी सुटसुटीत, की आजही वापरात आहे. चौकोनी पेटी असेल तर उत्तमच. अडचण गोलाची. ठोकळ्यांतून गोल रचला की काठावर पायऱ्या पडतात.

मी म्हटले, मग पायऱ्या इतक्या बारीक कर की दिसूच नयेत. तिने चौकड्यांच्या वहीवर वर्तुळ काढले. समजा व्यास एक मीटर, तर खरा घेर 3.14 मीटर. आता पायऱ्यांवरून चाला. उजवीकडे एक मीटर, परत डावीकडे एक. वर एक, खाली एक. झाले 4 मीटर. पायऱ्या शंभरपट बारीक करा, तरी 4 मीटरच! दिसायला गोल, मोजायला चौकोन. हे पटायला मला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला, खोटे कशाला सांगू?

डब्याच्या भिंतीत लहरींची थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. संगणकातली भिंत खऱ्या भिंतीहून लांब, म्हणून नासाडीचा हिशेब फुगला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोलबाजारात गेलो. (नाव गोलबाजार, हा निव्वळ योगायोग.) तिथे बुरूडबाई टोपली विणत होत्या. दोन गाठींमधली कामटी जवळजवळ सरळच, पण प्रत्येक कामटी जरा कललेली. बुडाच्या वळणावर बाईंनी बारीक कामट्या घेतल्या, वर सरळ भागात रुंद. मुलगी बराच वेळ उभी राहिली. ठोकळे सोडून तिरप्या बाजूंचे तुकडे घ्यायचे आणि वळणावरच ते बारीक करायचे, ही पद्धत तिला ठाऊक होती. संगणकाला वेळ जास्त लागतो म्हणून तिने टाळली होती.

मला मात्र खोडद आठवले. नारायणगावजवळच्या त्या गावी मी एकदा विज्ञान दिनाला गेलो होतो. गोविंद स्वरूप यांनी तिथे उभारलेल्या महादुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. लांबून वाटोळ्या दिसतात. जवळ गेलो तर काय? पोलादी नळ्यांच्या सोळा वाकवलेल्या कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारेचे दोर आणि दोरांना बांधलेल्या जाळीचे सपाट तुकडे! जाळीची भोके एक ते दोन सेंटिमीटरची, म्हणून वारा निघून जातो. आकाशातल्या हायड्रोजनची लहर 21 सेंटिमीटर लांब. तिला ती भोके जाणवतच नाहीत. तुकडे सपाट असले तरी प्रत्येक तुकडा आपल्या जागेचा उतार धरून असतो. पायऱ्यांत हाच उतार हरवतो. स्वरूप 2020 साली गेले. तबकड्या अजून आकाशाकडे तोंड करून आहेत.

पुण्याला परतल्यावर मुलीने डबा पुन्हा उभा केला, तिरप्या तुकड्यांनी. संगणक रात्रभर चालला. सकाळी तिचा फोन आला, आकडे मोजमापाजवळ आले होते. वरिष्ठ काय म्हणाले, विचारले. "बरं, म्हणाले," ती म्हणाली.

ती टोपली आम्ही विकत घेतली होती. सध्या तिच्यात कांदे आहेत.