पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले
(नव्याने समुपदेशनाचे काम सुरू करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



सुरुवात माझ्याच एका चुकीने करते. कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. नवऱ्याने सोडलेल्या एका बाईच्या घरी गृहभेटीला गेले. सकाळचे अकरा वाजले होते. दार नऊ वर्षांच्या मुलीने उघडले. धाकटा भाऊ जमिनीवर झोपलेला, चूल थंड. मी परत येऊन लिहिले, "घरात अन्नधान्य नाही. आई मुलांकडे लक्ष देत नाही. मुलांना संस्थेत ठेवणे योग्य."

आमच्या ज्येष्ठ ताईंनी अहवाल वाचला आणि विचारले, "डबे उघडून पाहिलेस?" नाही. "आई भेटली?" नाही. "मग हे तुला कोणी सांगितले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. संध्याकाळी पुन्हा गेले. आई सकाळी सहाला धुण्याभांड्यांच्या कामाला जात होती, रात्रीच पोळ्या करून ठेवत होती. शेजारची खाला दिवसातून दोनदा मुलांना बघून जायची. माझा पहिला अहवाल पुढे गेला असता, तर दोन मुले आईपासून तुटली असती.

म्हणून सांगते, आपला अहवाल जो वाचतो त्याने ते घर पाहिलेले नसते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची असते. तिच्या आधारे बाल कल्याण समिती मुलाने कुठे राहायचे ते ठरवते. समितीपुढे फायलींचा ढीग असतो. आपले एक सैल वाक्य तिथे पुरावा होऊन बसते.

यावर उपाय साधा आहे. अहवालात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: मी काय पाहिले, मला कोणी काय सांगितले आणि त्यावरून मला काय वाटते. हे काही माझे डोके नाही. मेरी रिचमंड या अमेरिकन समाजकार्यकर्तीने १९१७ साली 'सोशल डायग्नोसिस' या पुस्तकात पुरावा, ऐकीव माहिती आणि अनुमान यांतला फरक सविस्तर मांडला. शंभर वर्षे उलटली, तरी आपण त्यांची खिचडी करतोच.

"घर अस्वच्छ आहे" हे मत झाले. "दहा बाय बाराची एक खोली, सहा माणसे, पाणी गल्लीतल्या सार्वजनिक नळावरून, नळाला सकाळी एक तास पाणी" ही माहिती झाली. मत वाचून समिती आईला दोष देईल. माहिती वाचून पाण्याचा प्रश्न विचारेल.

एक वाक्य मी अनेक अहवालांत वाचले आहे: "वस्ती मुस्लिमबहुल असून वातावरण मुलांसाठी योग्य नाही." वातावरण म्हणजे काय? गटार उघडे आहे? दारूचा अड्डा आहे? शाळा दोन किलोमीटरवर आहे? असेल तर तसे लिहा. वस्तीच्या नावावरून माणसांची किंमत ठरवू नका. आणि हे आपल्यालाही लागू आहे. आपल्याच मोहल्ल्यातला माणूस म्हणून बापाच्या मारहाणीवर पांघरूण घालणे हीसुद्धा खोटी नोंदच.

दुसरे उदाहरण तलाकचे. बाई सांगते, "उन्होंने फोन पे तीन बार बोल दिया." कार्यकर्ती लिहून मोकळी होते: "महिला तलाकशुदा." थांबा. २०१९ च्या कायद्याने असा एका दमात दिलेला तलाक, तोंडी असो, लेखी असो की फोनवरून, रद्दबातल आहे. आपण 'तलाकशुदा' लिहिले की उद्या पोटगीच्या किंवा घरात राहण्याच्या हक्काच्या प्रकरणात समोरचा वकील तेच वाक्य पुढे करू शकतो. म्हणून तिचे शब्द तिच्याच भाषेत, अवतरण चिन्हात लिहा. केव्हा म्हणाला, कोणी ऐकले, कागद आहे का, तेही लिहा. निकाल देणे आपले काम नाही.

आता काही सवयी. अहवाल त्याच दिवशी लिहा. दोन दिवसांनी आठवण स्वतःच्या गोष्टी जोडते. तारीख, वेळ आणि घरात कोण कोण हजर होते ते वर लिहा. सासू शेजारी बसली असताना सून "सब ठीक है" म्हणाली, तर त्या तीन शब्दांइतकेच सासूचे तिथे बसणे महत्त्वाचे. दार बंद असेल तर "घर बंद होते" एवढेच लिहा, "सहकार्य केले नाही" नको. जे विचारायचे राहिले तेही नोंदवा. आणि फक्त कमतरता मोजू नका. ती शेजारची खाला माझ्या पहिल्या अहवालात कुठेच नव्हती, आणि त्या घराचा खरा आधार तीच होती.

अहवालाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. नवऱ्याच्या भीतीने बाई दुसरीकडे राहत असेल, तर तो पत्ता इकडेतिकडे फिरता कामा नये.

शेवटी एकच कसोटी. सही करण्याआधी स्वतःला विचारा, हा अहवाल मी त्या बाईला समोर बसवून वाचून दाखवू शकेन का? मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट घरच्यांना वाचून दाखवायची नसते, हे खरे. पण बाकीचे? ती म्हणेल, "हां, ऐसाच है," की मान खाली घालेल? वाचताना आपलीच जीभ जिथे अडखळते, ते वाक्य पुन्हा लिहा.

त्या सकाळी मला कोणी टोकले नसते, तर माझी चूक मला कधीच कळली नसती. ती त्या दोन मुलांनी भोगली असती.