फोनवरचा फौजदार
(मंडळाच्या मंडपात झालेल्या भाषणावरून)



आरतीची वेळ होत आली आहे, म्हणून थोडक्यात बोलतो.

खानापूर तालुक्यातले बिडी गाव आपल्याला परके नाही. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या एका वृद्ध जोडप्याने जीव दिला. तुमच्या नावाच्या सिमकार्डावरून गैरप्रकार झाले आहेत, चौकशी चालू आहे, असा फोन त्यांना आला होता. बोलणारे पोलीस नव्हतेच. तरी भीतीपोटी ५० लाखांहून अधिक रुपये गेले, सोनेही गहाण पडले. ती माणसे अडाणी नव्हती, आपल्यासारखीच अब्रूला जपणारी होती.

असाच फोन आमच्या आईलाही आला. हिंदीत दरडावणी, आणि वर ताकीद, "घर में किसी को मत बताना." आई म्हणाली, "थांबा, मुलगा कचेरीतून येऊ दे, त्याला विचारते." पलीकडून फोन बंद! आईला कायदा कळत नाही; पण मुलाला विचारल्याशिवाय ती गॅसचा नंबरसुद्धा लावत नाही.

आपल्या सीमाभागात सरकारी नोटीस म्हटले की आधीच छातीत धस्स होते. निम्मा कागद वाचता येत नाही, सही मात्र करावी लागते. या सवयीचाच भामटे फायदा घेतात. आम्ही स्वतः सरकारी नोकर, म्हणून सांगतो, शेताच्या एका उताऱ्यासाठी जिथे दोन खेपा पडतात, तिथे दहा मिनिटांत फोनवर चौकशी, अटक आणि सुटका कोण करणार? 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कायद्यात नाहीच.

दुसरी चोरी फोनही न करता होते. २०२३ मध्ये आपल्या राज्यात खरेदीखतांच्या नकलांवरून अंगठ्याचे ठसे उचलले गेले आणि आधारच्या यंत्रावर ते वापरून लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले. ओटीपी नाही, काही नाही. यावर उपाय म्हणजे आधारच्या ॲपमधून अंगठा 'लॉक' करणे. मात्र रेशनला जाताना तो उघडावा लागतो, नाहीतर दुकानदाराशी उगाच भांडण.

आणि पैसे गेलेच, तर 'लोक काय म्हणतील' करत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळवले तर ती अडवता येते. उद्यावर टाकले तर कठीण. सुनेला, शेजाऱ्याला, कुणाला तरी त्याच घटकेला सांगा. रागावतील, रागावू देत.

आरतीनंतर आम्ही मंडपातच आहोत. ज्यांना अंगठा लॉक करून हवा, त्यांनी आधारला जोडलेला मोबाईल घेऊन यावे. ओटीपी मात्र आम्हालाही सांगू नका, तुमचा तुम्हीच टाका.