औषधाला पत्ता हवा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. काही उणेअधिक बोलले गेले तर सांभाळून घ्यावे. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. औषधाने गुण आला, पण केस गेले, तोंड आले, पेजसुद्धा पोटात ठरेना. त्या म्हणत, "दुखणे एका जागी आणि औषध अंगभर! त्याला गाठीचा पत्ता सांगता येत नाही का गं?" माझी मुलगी पुण्याला औषधशास्त्र शिकते. तिने सांगितले तेच आपल्यापुढे मांडते.

आपल्या लोणावळ्यात नवा बंगला उठायचा तर आधी पाण्याची सोय बघतात. गाठीचेही तसेच. रक्त मिळाल्यावाचून ती दाण्याएवढीच राहते, म्हणून शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. हे अमेरिकेतील डॉ. जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले.

घाईने वाढलेल्या या वाहिन्यांवर काही खुणा असतात. त्या एरवीच्या वाहिन्यांवर फारशा आढळत नाहीत. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. डाळीतली प्रथिने म्हणजे अशाच मण्यांच्या लांब माळा. आर्जिनिन, ग्लायसिन व अ‍ॅस्पार्टिक आम्ल हे तीन मणी या क्रमाने ओवले की माळ त्या खुणेला जाऊन चिकटते. तिला औषध बांधले तर ते गाठीपाशी जास्त पोचते. किरणोत्सारी द्रव्य बांधले तर गाठ कुठे दडली आहे ते चित्रात दिसते. १९९८ साली अराप, पास्क्वालिनी व रुओस्लाहती यांनी अशा माळांना डॉक्सोरुबिसिन बांधून स्तनाच्या कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांना दिले. गुण अधिक आला, अपाय कमी झाला.

परंतु उंदीर निराळा, माणूस निराळा. याच तीन मण्यांवर बेतलेले सिलेंजिटाइड हे औषध मेंदूच्या गाठीवरील मोठ्या चाचणीत उपयोगी पडले नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. मात्र वाहिनीऐवजी गाठीच्या पेशीचाच पत्ता ओळखणारी आठ मण्यांची माळ आतड्याच्या व स्वादुपिंडाच्या काही गाठींसाठी वापरात आहे. तिला बांधायचे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार केले गेले, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याचे उपचार झाले आहेत.

तेव्हा भगिनींनो, स्तनाच्या गाठीसाठी रक्तवाहिनीचा पत्ता शोधणारे औषध आज दुकानात मिळत नाही. तसे सांगून कोणी पुडी विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गाठ पुष्कळदा दुखत नाही. मग आपण म्हणतो, लावणी उरकू दे, लेकीचे लग्न होऊ दे. आणि तेवढ्यात ती आपले फाटे फोडून घेते. हाताला गाठ लागली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गरज पडली तर परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, आणि लोणावळ्याहून दादरला गाडी जाते. सोबतीला कोणी नसेल तर मला हाक मारा, मी येईन.