ओझं उतरवायचा दगड



कुंभकोणम् म्हटलं की महामहम तलाव आठवतो, विड्याची पानं आठवतात, पितळेची भांडी आणि गणिती रामानुजन आठवतात. मी आज बोलणार आहे ते कावेरीकाठच्या त्या मुलखातल्या, आणि एकूणच तमिळ खेड्यांतल्या, एका दगडाविषयी. दगड म्हणजे खरं तर तीन दगड. दोन उभे पुरलेले आणि त्यांवर एक आडवी शिळा, साधारण खांद्याच्या उंचीची. त्याला सुमैतांगी म्हणतात. डोक्यावर भाताचा भारा घेऊन चाललेली बाई भारा जमिनीवर टेकवू शकत नाही, कारण तो पुन्हा चढवायला दुसरं माणूस लागतं. या शिळेवर तिनं भारा सरकवायचा, घाम पुसायचा, पाणी प्यायचं, मग वाकून डोकं खाली घालायचं आणि भारा परत ओढून घ्यायचा. एकटीला जमतं.

हा दगड पुष्कळदा उभारला जाई तो गरोदरपणी मेलेल्या बाईच्या नावानं. तिच्या पोटातलं ओझं पोटातच राहिलं, ती मोकळी झाली नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांची ओझी तिच्या दगडावर उतरत राहिली की तिचाही भार हलका होतो, अशी समजूत. काही दगडांवर तिचं नाव कोरलेलं असतं. आयुष्यभर कुणाची तरी लेक, कुणाची तरी बायको म्हणून ओळखली गेलेली बाई मेल्यावर रस्त्याकाठी स्वतःच्या नावानं उभी राहते.

आपल्याकडे अशा बाईचं आपण काय केलं? तिला हडळ केलं. कोकणात अळवंतीण केलं. तिन्हीसांजेला त्या वाटेनं जाऊ नको, म्हणून पोरींना बजावलं. मला विचाराल तर दगडाची रीत जास्त माणुसकीची. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. ती का मेली, हे कुणी विचारलं नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपण म्हणतो, आणि ज्यांना तो दुसरा जन्म मिळाला नाही त्यांचं नशीब म्हणून गप्प बसतो.

कावेरीकाठच्या त्या मुलखात अशा बाईचं जगणं कसं होतं ते पाहा. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची रूढ तारीख 12 जून. पाणी पाटांत उतरलं की भाताची लावणी सुरू. लावणी बायकांची. दिवसभर कमरेत वाकून, पोटऱ्या चिखलात, हातात रोपांची जुडी. कोकणातल्या आणि मावळातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवस गेलेली बाईही त्या रांगेत असते, कारण रोज बुडाला की चूल अडते. पोटाला मिळतो तो भात आणि पातळ सांबार. अंगात रक्त कमी. अशा बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तिच्याजवळ वेळ फार थोडा असतो. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत जाऊ शकते. अंगात आधीच रक्त नसलेल्या बाईला तेवढेही मिळत नाहीत.

कुंभकोणम्‌पासून विसेक किलोमीटरवर तिरुक्करुगावूर आहे. तिथली देवी गर्भरक्षांबिका. एका ऋषिपत्नीचा गर्भ शापानं गळाला, तेव्हा देवीनं तो दिव्य कुंभात सांभाळला आणि त्यातून मूल जन्माला आलं, अशी कथा आहे. मूल व्हावं म्हणून तिथलं तूप आणि बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून एरंडेल घेऊन लोक घरी जातात. श्रद्धेची थट्टा मी करणार नाही. भीती खरी होती, म्हणून देवी एवढी मोठी झाली.

आता आपल्या माणसांची गोष्ट. तंजावरावर मराठ्यांचं राज्य पावणेदोनशेहून अधिक वर्षं होतं, हे आपण अभिमानानं सांगतो, आणि बहुधा सांगतो ते बृहदीश्वराच्या भिंतीवरच्या शिलालेखाविषयी नाहीतर सरस्वती महाल ग्रंथालयाविषयी. मला त्या राज्याचा खरा मोठेपणा त्याच्या छत्रांत दिसतो. रामेश्वरच्या वाटेवर त्यांनी बांधलेली ही अन्नछत्रं. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलंच. 1801 मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी कंपनी सरकारच्या रेसिडेंटला या छत्रांविषयी पत्र लिहिलं. जेवण सगळ्या जातींच्या वाटसरूंना मिळे, आजाऱ्याला वैद्य मिळे, हे त्यात आहेच. पण त्यात असंही आहे की वाटेत अडलेल्या गरोदर बाईचं बाळंतपण छत्राच्या खर्चानं होई, औषधं दिली जात आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिला तिथं राहू देत. तीन महिने! सव्वादोनशे वर्षांपूर्वी, ज्या बाईचं गाव ठाऊक नाही अशा बाईला.

हाच विचार पुढे सरकारी योजनेत आला. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावानं तमिळनाडूत गरीब गरोदर बायकांना पैसे मिळतात. 2006 मध्ये ते 6,000 रुपये होते, 2018 मध्ये 18,000 झाले. बुडालेला रोज भरून निघावा आणि बाईनं चार घास नीट खावेत, एवढाच हेतू. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीही नर्स हजर राहील अशी सोय झाली.

पण सगळ्यात मोठं काम मला वेगळंच वाटतं. तमिळनाडूनं 1990 च्या दशकापासून प्रत्येक माता-मृत्यूची चौकशी सुरू केली. बाई गेली की आरोग्य खात्याची माणसं तिच्या घरी जातात आणि घरच्यांना विचारतात. कळा कधी सुरू झाल्या? दवाखान्यात न्यायचं कधी ठरलं, आणि ठरवलं कुणी? गाडी किती वाजता आली? पहिल्या दवाखान्यानं पुढे का पाठवलं? रक्ताची पिशवी कधी मिळाली? थोडक्यात, वेळ कुठे गेला? घरात ठरवण्यात, वाटेत, की दवाखान्याच्या दारात? दर लाख जिवंत जन्मांमागे माता-मृत्यू तमिळनाडूत 2001-03 मध्ये 134 होते, 2018-20 मध्ये 54 झाले. याच काळात महाराष्ट्र 149 वरून 33 वर आला. म्हणजे आपण त्यांच्याही पुढे गेलो. पण ही सरासरी आहे. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात अडलेली बाई अजून बांबूला बांधलेल्या झोळीतून डोंगर उतरते, आणि पावसाळ्यात ओढ्याशी थांबते.

ही चौकशी आता देशभर करायची असते. तिचं तत्त्व कुणाचं नाव न घेण्याचं, कुणाला दोष न देण्याचं आहे. नाहीतर माणसं खरं बोलणार नाहीत, हे मला पटतं. पण त्या चौकशीतून काय निघालं, हे ती बाई ज्या वाडीवर राहत होती तिथे सहसा कुणाला कळत नाही. नावं वगळा, पण गाडी साडेतीन तासांनी आली एवढं तरी ग्रामसभेत वाचून दाखवा. रस्ता मागायचा की गाडी मागायची की रक्तपेढी, ते वाडीतल्या बायका ठरवतील.