पत्रिकेतला मंगळ आणि आकाशातला मंगळ

(मासिक बैठकीतील भाषणाचा गोषवारा)



अमेरिकेत वीस-वीस वर्षे राहिलेली, पीएचडी झालेली आपली माणसेही लग्नाच्या बोलण्यात हळूच विचारतात, "मुलीला मंगळ नाही ना?" यावर वाद घालण्यापेक्षा मंगळ प्रत्यक्ष बघावा. तो तेजस्वी असतो त्या महिन्यांत न्यू जर्सीच्या झगमगाटातही दिसतो, दुर्बीण लागत नाही. ताऱ्यांसारखा न लुकलुकणारा तांबूस ठिपका, तो मंगळ.

हात ताठ धरून मूठ वळली की ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. शेजारच्या छपराच्या खुणेने मंगळाची जागा लक्षात ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. तो तीनेक मुठी, म्हणजे ३० अंश, पश्चिमेकडे सरकलेला असतो. भोवतालचे तारेही त्याच्याबरोबर सरकलेले असतात, कारण फिरलेली असते ती पृथ्वी. पत्रिकेतले एक घर म्हणजे साधारण हेच ३० अंश.

आता हिशेब करा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानातला मंगळ आपल्याकडे दोषी मानतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे मंगळ रोज बाराही घरांतून जातो. या पाच घरांत तो रोज सरासरी दहा तास असतो. म्हणजे परिहार सोडले, तर दर बारांतली पाच बाळे मंगळाची!

१९ फेब्रुवारी २०२७ ला, शिवजयंतीच्या दिवशी, मंगळ सूर्याच्या समोर असेल. तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवेल, मध्यरात्री माथ्याकडे येईल आणि पहाटे मावळतीला जाईल. त्या रात्री एकाच हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी जन्मलेली मुलगी मंगळाची, मध्यरात्रीची निर्दोष, पहाटेची पुन्हा मंगळाची. मंगळ मात्र रात्रभर तसाच, सुमारे दहा कोटी किलोमीटर दूर.

ज्योतिषांना संधी दिली गेली नाही असेही नाही. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात चाचणी घेतली. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही पन्नासच्या आसपास आली असती.

संकष्टीच्या चंद्रोदयाची पंचांगातली वेळ बरोबर येते, कारण ते गणित आहे. मुलीचा संसार त्या गणितात नाही. तेव्हा कुणाची पत्रिका मागण्यापूर्वी एक रात्र मुलांना घेऊन परसात उभे राहा आणि मुठींनी आकाश मोजा.