धिंगरीचे खरे नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत आलो आणि नावांची व नोंदींची छाननी करण्यात उमेदीची वर्षे गेली. म्हणून आजचा विषयही मी नोंदीच्याच अंगाने मांडणार आहे. बाजारात ‘धिंगरी’ म्हणून मिळणारी अळंबी नेमकी कोणती, हे ठरवावयाचे कसे?

धिंगरी ही एक जात नव्हे. ‘प्ल्युरोटस’ ह्या प्रजातीतील अनेक जातींचे ते समाईक नाव आहे. त्यांपैकी ‘ऑस्ट्रिएटस’ आणि ‘पल्मोनॅरियस’ ह्या तर सख्ख्या बहिणी शोभाव्यात. रूपावर विसंबावे, तर तेही फसवे. हवा कोंडली की देठ लांबतो, उजेड कमी पडला की रंग फिका होतो. एकाच आईची लेकरे वेगळी दिसतात आणि परक्या घरची सारखी!

कोणी म्हणेल, चव चांगली असली की झाले. नावाशी काय काम? परंतु काम आहे ते शेतकऱ्याला. ऑस्ट्रिएटसला फळण्यासाठी थंडी लागते. पल्मोनॅरियस उबदार हवेतही फळते. बियाण्याच्या, म्हणजे स्पॉनच्या, पिशवीवर नाव एक आणि आत जात दुसरी असेल, तर पेंढा, मजुरी आणि हंगाम तिन्ही वाया जातात. पांढऱ्या तंतूंकडे पाहून त्या बिचाऱ्याला काय कळणार?

अशा चुकलेल्या नावाचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. 1974 च्या सुमारास हिमालयाच्या पायथ्याकडील एका धिंगरीची लागवड ‘सजोर-काजू’ ह्या नावाने सुरू झाली. मूळ मलाय शब्दांचा अर्थ ‘लाकडावरची भाजी’. खऱ्या सजोर-काजूच्या देठाला कडे असते आणि ती ‘लेंटिनस’ ह्या निराळ्या प्रजातीत गणली जाते. आपल्या धिंगरीला कडे नाही. पुढे मिलनाच्या चाचण्या आणि डीएनएची तुलना ह्यांवरून ती पल्मोनॅरियस असल्याचे ठरले. तरीही जुने नाव व्यवहारातून गेलेले नाही.

ही तुलना कशी करतात? पेशीत प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेची काही जनुके असतात. त्यांत बिघाड झाला तर जीवच तगत नाही. म्हणून ती फारशी बदलत नाहीत. मात्र त्या जनुकांच्या मधला ‘आयटीएस’ नावाचा तुकडा बराच मोकळेपणाने बदलतो. अळंबीचा कणभर भाग घेऊन ह्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात, त्यातील अक्षरांचा क्रम वाचतात आणि ज्ञात नमुन्यांशी ताडून पाहतात. 2012 साली संशोधकांनी बुरशींच्या ओळखीसाठी हीच प्रमाण खूण म्हणून सुचविली.

तिचा उपयोग 2014 साली लंडनमध्ये चांगलाच दिसून आला. क्यू येथील संशोधकांनी दुकानातून चीनमधील वाळलेल्या ‘पोर्चिनी’ अळंबीचे एक पाकीट आणले आणि त्यातील 15 तुकडे तपासले. त्यांत तीन जाती निघाल्या आणि तिन्हींना तोवर शास्त्रीय नावच नव्हते! लोक ती अळंबी खात होते. शास्त्राच्या दफ्तरी मात्र तिची नोंद नव्हती.

तथापि ही खूण सर्वज्ञ नाही. अगदी जवळच्या जातींत आयटीएस पुरेसे वेगळे नसते. तेव्हा आणखी दोनतीन जनुकांची साक्ष काढावी लागते. शिवाय ज्या नमुन्याशी ताडावयाचे, त्याचेच नाव चुकीचे नोंदलेले असेल, तर उत्तरही चुकते. जुनी नोंद तपासल्यावाचून तिच्या आधारे नवी करू नये, हा कचेरीतला नियम प्रयोगशाळेलाही लागू आहे. म्हणूनच नीट जतन केलेले मूळ नमुने आणि सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयासारख्या संस्थांनी जपलेली वाणे मोलाची आहेत.

भगिनींना एवढीच विनंती, की ही परीक्षा प्रयोगशाळेतली आहे, स्वयंपाकघरातली नव्हे. रानातली अनोळखी अळंबी चुलीवर चढवू नये. आणि बियाणे विकणाऱ्याने पिशवीवर लिहिलेले नाव हे शेतकऱ्याला दिलेले वचन समजावे. ते वचन पडताळण्याचे साधन आज हाती आले आहे. ते लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आले, तरच त्याचे सार्थक.