दोन पदव्या आणि केडगाव स्टेशन

(दौंड इथल्या युवा अभ्यास शिबिरातलं भाषण, थोडं संपादित करून.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘परदेशी शिक्षणाच्या संधी’. संधी सांगणारे पुण्यात जागोजागी ऑफिस थाटून बसलेत, आणि वर चहाही पाजतात. म्हणून मी माझ्यापुरतं बोलते. मी शिरूरची. मराठी शाळेत शिकले, घरात दखनी बोलत मोठी झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले आणि चार वर्षांत तिथून दोन पदव्या एकत्र घेऊन आले. एक ह्यूमन सर्व्हिसेसची, एक आर्ट्सची.

ह्यूमन सर्व्हिसेस म्हणजे काय, हे मलाही जाताना नीट सांगता येत नव्हतं. घर सुटलेल्या माणसाला निवारा, मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईला आधार, अपंग, म्हातारी माणसं, अनाथ मुलं, निर्वासित, व्यसनी, अशा सगळ्यांसाठी समाज आणि सरकार जी व्यवस्था उभी करतं, ती चालवायची कशी याचं हे शिक्षण. आर्ट्स म्हणजे आपलं बी.ए.; इतिहास, साहित्य, भाषा. दोन्ही वेगवेगळं केलं तर सहा वर्षं लागतात. एकत्र केलं तर काही विषय दोन्हीकडे धरले जातात आणि चार वर्षांत भागतं.

अब्बांचा प्रश्न होता, “इत्ते पैसे डालके क्या बनके आयेगी तू?” प्रश्न रास्त होता. मामू म्हणाले, बँकेचं कर्ज काढा. चाचा म्हणाले, व्याज हराम आहे. दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते, पण फी कशी भरायची ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. शेवटी अब्बांनी नगर रोडच्या आतल्या अंगाची दहा गुंठे जमीन विकली. त्या जमिनीत भाईजानचा गॅरेज काढायचा विचार होता. तो तेव्हा काही बोलला नाही, आणि पुढे वर्षभर माझ्याशीही फारसा बोलला नाही. परदेशी शिक्षणाच्या जाहिरातीत हे धरलेलं नसतं.

माझी पहिली चूक ही की मी आर्थिक बाजू उलटी धरली. इथं बी.ए. किंवा बी.एस.डब्ल्यू. करून मास्टर्सला गेले असते तर दोन वर्षांचाच खर्च झाला असता. मदतीच्या योजनाही बहुतेक त्याच पायरीवर असतात. केंद्राची ‘पढो परदेश’ ही अल्पसंख्याकांसाठीची व्याज-सवलत योजना पदव्युत्तर आणि त्यापुढच्या शिक्षणालाच होती, आणि तीही २०२२-२३ पासून बंद झाली. राज्याच्या अल्पसंख्याक विभागाची परदेशी शिष्यवृत्तीसुद्धा पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहे. बारावीनंतर थेट जाणाऱ्याला घरचीच जमीन.

दुसरी चूक. पुण्यातल्या एका एजंटनं सांगितलं होतं, हा कोर्स केला की तुम्ही तिकडे सोशल वर्करच. एजंटला विद्यापीठाकडून कमिशन असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षी कळलं की ऑस्ट्रेलियात सोशल वर्कर म्हणून मान्यता हवी तर तिथल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेनं, ए.ए.एस.डब्ल्यू.नं, मान्य केलेलीच पदवी लागते, आणि तिच्यात किमान हजार तासांचं प्रत्यक्ष काम असतं. माझी पदवी त्या यादीत नव्हती. पदवी वाईट नव्हती, तिच्यावर नोकऱ्याही आहेत, पण मला सांगितलं होतं ती ती नव्हती. तुम्ही कुठल्याही देशात जा, कोर्सचं नाव घ्या आणि त्या व्यवसायाच्या संघटनेच्या यादीत स्वतः शोधा. एजंटला विचारू नका.

प्लेसमेंटबद्दलही सांगते. संस्थेत जाऊन महिनोन्महिने काम करायचं आणि पगार नाही. जुलै २०२३ पासून परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच नोकरी करता येते. कोर्समधली प्लेसमेंट त्यात मोजत नाहीत, पण दिवस तर चोवीस तासांचाच. जुलै २०२५ पासून तिथल्या सरकारनं नर्सिंग, शिक्षण, सोशल वर्कच्या मुलांना प्लेसमेंटचा भत्ता सुरू केला. परदेशी मुलांना तो नाही. मी दिवसा संस्थेत आणि रात्री एका हॉटेलात भांड्यांपाशी असे.

आता ज्यासाठी बोलायला उभी राहिले ते.

ब्रिस्बेनच्या दक्षिणेला लोगन नावाचं शहर आहे. जगभरातून आलेली निर्वासित कुटुंबं तिथं राहतात. माझी प्लेसमेंट तिथल्या एका केंद्रात होती. एक दिवस एक हजारा बाई आल्या. मूळच्या अफगाणिस्तानातल्या, बरीच वर्षं क्वेट्ट्यात काढलेल्या, त्यामुळे मोडकंतोडकं उर्दू येत होतं. ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदललेत. दुभाष्याला फोन लावायच्या आधीच मी उत्साहानं पुढे झाले. त्या उर्दूत बोलत होत्या, मी माझ्या बाईंना, म्हणजे माझ्या सुपरवायझरना, इंग्रजीत सांगत होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, नवरा मारतो. मी इंग्रजीत सांगितलं, नवरा रागावतो.

मी शब्द चुकले नव्हते. मला दोन्ही शब्द येत होते. समोर गोरी बाई बसलेली, आणि डोक्यात आलं की आता ही म्हणणार, मुसलमान पुरुष असेच. टीव्हीवर रोज तेच चाललेलं. मी कौमची अब्रू राखली, असं मला त्या क्षणी वाटलं.

सुपरवायझरना उर्दू कळत नव्हतं, पण त्या बाईंचा चेहरा आणि माझा शब्द जुळत नाही एवढं त्यांना दिसलं. त्यांनी मला थांबवलं, सरकारी दुभाषा सेवेला, १३१ ४५० ला, फोन लावला, आणि पलीकडच्या दुभाष्यानं जसंच्या तसं सांगितलं. मारतो. कशानं मारतो तेही. त्या रात्री बाई मुलांसह सुरक्षित जागी गेल्या. माझ्या ‘रागावतो’वर त्या घरीच परतल्या असत्या.

तिथं नियमच आहे: कार्यकर्त्यानं दुभाष्याचं काम करायचं नाही, नातेवाइकानं नाही, मुलांनी तर नाहीच. मला आधी तो नियम कोरडा वाटायचा. आपलं माणूस आपल्या माणसाला जास्त समजतं, असं आपण म्हणतो ना. समजतं, आणि म्हणूनच झाकतंही.

त्याच सत्रात आर्ट्सच्या एका वर्गात प्रवासवर्णनं होती. वाचायच्या यादीत पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक होतं. मूळ मराठी, १८८९ चं. आम्हाला होता मीरा कोसंबींनी केलेला इंग्रजी अनुवाद. शिक्षिकेनं विचारलं, तुझ्या भागातल्या ना या? मी मान हलवली आणि मनात शरमले. खाला दौंडला राहायची. तिच्याकडून पुण्याला जाताना गाडी केडगावला थांबायची. ‘मुक्ती मिशन’ हे नाव मला लहानपणापासून माहीत, पण कुणाचं, कशाचं, हे कधी विचारलं नव्हतं. आपल्या तालुक्यातल्या बाईचं मराठी पुस्तक मी ब्रिस्बेनमध्ये इंग्रजीत वाचलं.

रमाबाई आपल्या आधीच्या परदेशी विद्यार्थिनी. नवरा वारलेला, कडेवर लहान मुलगी. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्यांनी प्रवासाच्या खर्चाला हातभार लावला आणि १८८३ मध्ये इंग्लंड गाठलं. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. कानांना कमी ऐकू येत असल्यानं ते राहिलं. मग चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकल्या आणि तिथंच संस्कृतही शिकवलं. बाईनं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं नाही. ख्रिस्ती झाल्या होत्या, तरी मांस खाल्लं नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली का नकोत, असा वाद घातला. हलालसाठी दुकानं शोधत फिरलेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि राहिल्या. तिथं बालवाडीचं शिक्षण घेतलं, आणि ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून सभा घेतल्या. त्या पुस्तकामुळे आणि सभांमुळे बॉस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी संस्था निघाली, आणि त्या पैशावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. पुढे ते पुण्याला आलं, आणि नंतर केडगावला मुक्ती. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली तिथं आल्या, शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. लिहिणं आणि सेवा ही त्यांच्यासाठी दोन खाती नव्हती. पुस्तकातून घर उभं राहिलं. आर्ट्सचा काय उपयोग, असं मला विचारणाऱ्यांना मी हल्ली केडगावचं तिकीट काढा म्हणते.

आणि रमाबाईंवर आरोप काय झाला? परदेशात जाऊन आपल्या समाजाची बदनामी केली. ओळखीचं वाटतं का? हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हा त्यांनाही हेच ऐकावं लागलं. घरातलं घरात ठेवा. मी लोगनला तेच केलं होतं, एका शब्दात.

रमाबाईंचं सगळंच मी डोक्यावर घेत नाही. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो म्हणून १८९३ मध्ये मोठं वादळ झालं, पालकांनी मुली काढून नेल्या. मला वाटतं, तो प्रश्न आजही शिळा नाही. उपाशी पोरीला तुम्ही जेवण आणि धर्म एकाच ताटात वाढलात तर तिची ‘हो’ ही खरी हो मानायची का? हे फक्त मिशनऱ्यांना विचारून सुटायचं नाही. जकातीचे पैसे देताना बुरखा आहे का, नमाज पढते का, हे बघणारे आपल्यातही आहेत. रांजणगाव एमआयडीसीत बिहार-यूपीचे मजूर राहतात, त्यांच्या बायका अडचणीत येतात, तेव्हा मदत करणारा आधी आडनाव विचारतो. हे आपलं आपण बघायचं आहे.

परत आल्यावर पदवीची समकक्षता, ती यूजीसीच्या नव्या नियमांनुसार, हे सगळं कागदोपत्री आहे, प्रश्नोत्तरात सांगेन. मी आता दौंड तालुक्यात एका संस्थेत काम करते. पगार तिकडच्या भांडी घासण्यापेक्षा कमी आहे.

गेल्या महिन्यात एका दवाखान्यात गेले होते. आई पस्तिशीची, फक्त दखनी बोलणारी. डॉक्टर मराठी. मधे अकरा-बारा वर्षांची मुलगी, आईचं दुखणं मराठीत सांगणारी. आई म्हणाली, अंगावरून फार जातं, तीन महिने झाले. मुलगी लाजली आणि डॉक्टरांना म्हणाली, पोट दुखतं. डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या लिहायला घेतल्या.

त्या मुलीत मला मीच दिसले. तिला बाहेर बाकावर बसवलं, हातात माझा मोबाईल दिला. इथं १३१ ४५० नाही, म्हणून नियम मोडून मीच बसले. बाईंना म्हटलं, “आपा, अब बोलो. जैसा है वैसा बोलो.” त्या बोलत गेल्या आणि मी शब्दाला शब्द सांगत गेले. दोन ठिकाणी जीभ अडखळली, तरी सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली, सोनोग्राफीची.

आम्ही आता दर शनिवारी पाच-सहा जणींना बसवून दखनी-मराठी दुभाष्याचं काम शिकवतोय. लाजेचे शब्द आधी, दोन्ही भाषांत, मोठ्यानं. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी शिबिर संपल्यावर नाव द्या. मुलगेही चालतील, त्यांना तर जास्त शिकायचंय.

आता प्रश्न विचारा. जमिनीच्या व्यवहाराबद्दल असेल तर अब्बा मागच्या रांगेत बसलेत, त्यांना विचारा.